एकेचाळीस वाडगे

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
११ नोव्हेंबर २०२४

संजना,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडलं. माझे आशीर्वाद तुला नको असणार, आणि नको असलेली वस्तू कुणाच्या घरी पाठवू नये. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हा कागदाचा खटाटोप. तुझा भाऊ सूरज नाक्यावर रिक्षाच्या लायनीत दिसला, त्याच्या हातात देतेय. तो म्हणाला, “काकू, देतो मी. पण ती वाचेल याची गॅरंटी नाय.” मी म्हटलं, गॅरंटी मी मागितलेलीच नाही.

कामाचं लिहिते. पुण्याचा एक ट्रस्ट तुझ्या सरांच्या, माझ्या नवऱ्याच्या, मातीकामाचं कायमचं दालन उभं करतोय. सर जाऊन अडीच वर्षं झाली, आता लोकांना त्यांची आठवण यायला लागलीये. ट्रस्टकडून निकेत नावाचा माणूस येतो. पस्तिशीचा आहे, बूट बाहेर काढून गाळ्यात येतो आणि प्रत्येक भांड्याला दोन्ही हात लावतो, म्हणजे शिकलेला आहे. सगळ्या कामाची तो यादी करतोय. जुने घडे, सुरया, ताटं आहेतच. पण ट्रस्टला मुख्य हवेत ते शेवटचे मोठे वाडगे. पॅरालिसिस झाल्यावरचे. तुला माहीतच आहे, पेपरात त्यांचाच फोटो आला होता, 'डावा हात गेला, पण चाक थांबलं नाही' म्हणून. ते एकेचाळीस आहेत.

निकेत त्या काळात गाळ्यात असलेल्या सगळ्यांशी बोलणार आहे. तुझं नाव कुणीतरी सांगितलं त्याला. तुझा नंबर मागत होता, माझं तिच्याशी बोलणं होत नाही म्हटलं, आणि ते खरंच आहे. पण शोधेल. शोधलंच तर एवढंच सांग, की तू माती मळायचीस, चौक गावच्या बेकरीतून आणलेली राख चाळायचीस आणि भट्टी भरायचीस. हे काही खोटं नाही. हे सगळं तू करायचीसच.

सरांचं नाव राहावं एवढीच माझी इच्छा आहे. तुलाही ती असेल असं मी धरून चालते.

काकू

२९ नोव्हेंबर २०२४

संजना,

उत्तर नाही. सूरजला विचारलं तर म्हणाला, “दिलं काकू. घेतलं तिने. पर्समध्ये टाकलं.” पर्समध्ये टाकलं म्हणजे फाडलं नाही. मी तेवढ्यावर पुढचं लिहायला बसले आहे, यावरून माझी काय अवस्था आहे ते समज.

निकेतने एक गोष्ट काढलीये. परवा त्याने सगळे वाडगे फळीवर मांडले, मोबाईलचा टॉर्च लावला आणि एकेकाच्या आत बघत बसला. मी चहा ठेवला तो गार झाला. मग म्हणाला, “मॅडम, एक विचारू का? सर डावरे होते ना?”

मी म्हटलं, हो. सगळं जग जाणतं.

तर म्हणे, डावरा माणूस चाक एका बाजूने फिरवतो, उजवा दुसऱ्या बाजूने. चाकावर माती चढवताना बोटाची जी गोल रेघ आत उठते, ती त्यामुळे एकाची या अंगाने वळते आणि दुसऱ्याची त्या अंगाने. सरांच्या तीस वर्षांच्या भांड्यांत ती एकाच अंगाने आहे. या वाडग्यांत उलटी आहे. एकेचाळीसपैकी चाळीसांत.

तुला खरं सांगते, मला हे ठाऊकच नव्हतं. तीस वर्षं मी त्या गाळ्यात ग्लेझ बनवलं. भांडं हातात आलं की मी आत बघायचे ते ग्लेझ कुठे जमलंय, कुठे पळालंय, राखेचा हिरवा नीट उतरलाय का. त्याच्याखाली बोटाची रेघ असते हे माझ्या गावीच नव्हतं. आपण कडेची जाडी कॅलिपरने मोजली, बुडाचा घेर मोजला, सरांचा जुना वाडगा समोर ठेवून घाट मिळवला. आणि चाक मात्र तू तुझ्या हाताला येईल तसं फिरवत राहिलीस. चार वर्षं. तुला तरी लक्षात आलं होतं का? की आलं होतं आणि तू गप्प बसलीस?

मी निकेतला सांगितलं, डावा हात गेल्यावर सर उजव्या हाताने काम करायला लागले, म्हणून चाकाची दिशा बदलली. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की मलाच कसंतरी झालं. म्हणाला, “हे तुम्ही लिहून द्याल? यादीत छापू.” मी लिहून दिलं, सही केली. एक वाडगा सुलट आहे, सत्तावीस नंबरचा, त्याची तारीख चुकली असेल, तो जुना असेल, असंही मीच सांगितलं. तो वाडगा आठवतोय तुला? कड वाकडी झालेला, एका अंगाला बसलेला. मी तो भट्टीतून काढल्यावर फेकायच्या ढिगात टाकला होता. सरांनी तो परत आणून ठेवला, का ते कधी कळलं नाही.

तर आता कागदावर माझी सही आहे. तू वेगळं काही बोललीस तर मी खोटी ठरेन, आणि माझ्याबरोबर तेही. मेलेल्या माणसाची चेष्टा होईल. तुला त्यांच्याविषयी काही वाटत असेल तर निकेतला भेटू नकोस.

उर्मिलाकाकू

१६ डिसेंबर २०२४

संजना,

मागचं पत्र धमकीचं होतं. लिहिताना मला ते विनंतीचं वाटत होतं. दोन दिवसांनी आठवलं, असंच एक पत्र मी पूर्वीही लिहिलं होतं.

सगळं लिहिते. तुला त्यातलं निम्मं माहीत आहे, पण निम्मं नाही.

पॅरालिसिस झाल्यावर सहा महिन्यांत डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा हात परत येणार नाही. सर उजव्या हाताने चाकावर बसायचे, माती मधोमध येईना, सगळा गोळा फेकला जायचा, पुन्हा बसायचे. तू बाजूला उभी असायचीस. एक दिवस त्यांनी स्वतःच उठून तुला बसवलं आणि म्हणाले, “तू कर, मी सांगतो.” पहिला वाडगा झाला. शिक्का मी मारला. त्यांच्या नावाचा, नुसतं 'आत्मा' लिहिलेला. कुणी मला मार म्हणून सांगितलं नव्हतं. शिक्का तिथे खिडकीत होता, बूड ओलं होतं, मी मारला. तुझ्याकडे बघितलंही नाही.

पेपरवाले आले तेव्हा तुला मी चहाला दूध आणायला पाठवलं. घरात दूध होतं. तू केलेल्या ओल्या वाडग्यावर सरांनी उजवा हात ठेवला आणि फोटो निघाला. तू पिशवी घेऊन परत आलीस तेव्हा दारात थांबलीस, आत आली नाहीस. ते लोक गेल्यावर तू तो वाडगा चाकावरून कापून काढलास. सर त्या दिवशी जेवले नाहीत.

मग चार वर्षांनी तू म्हणालीस, काकू, मला माझे वाडगे वेगळे मांडायचेत. माझ्या नावाने. छोटं प्रदर्शन आहे, मुंबईला, गॅलरी तयार आहे. सरांनी हो म्हटलंय. तू पेढे आणले होतेस. मी एक घेतला.

त्या संध्याकाळी मी गॅलरीला पत्र लिहिलं. संजना आमच्याकडे मदतनीस होती, तिने आमच्या गाळ्यातला घाट आणि ग्लेझ चोरलंय, हे प्रदर्शन झालं तर आम्ही कायदेशीर पाऊल उचलू. पत्र पोचलं तेव्हा प्रदर्शनाला दोन दिवस होते. तुझी भांडी मांडून झाली होती. ती तू कशी परत आणलीस मला माहीत नाही. सूरजच्या रिक्षातून आणली असशील.

पत्र कुणी लिहिलं हे तुला कळलं असेल. का लिहिलं, हे मात्र तुला वाटतं तसं नाही. लोकांना खरं कळेल म्हणून मी घाबरले होते, हे आहेच. पण ते सगळं नाही. संजना, तीस वर्षं त्या भांड्यांवर जे ग्लेझ आहे ते माझं आहे. राख मी शोधली, प्रमाण मी बसवलं, शेकडो तुकड्यांवर चाचण्या मी केल्या. बुडाला एकदाही माझी खूण नाही. मी कधी मागितली नाही, कारण बायको मागत नाही. आणि तू गोडदेवच्या चाळीतून आलेली, माती मळायला ठेवलेली मुलगी, अकरा वर्षांत मागायला उभी राहिलीस, आणि सर हो म्हणाले. माझा नुसता जळफळाट झाला. मला जे मिळालं नाही ते तुला का मिळावं, एवढंच होतं त्यात. हे लिहायला मला सहा वर्षं लागली.

सर विचारायचे, संजना का येत नाही? मी सांगितलं, तिचं लग्न ठरलंय, सासरी चाक चालणार नाही म्हणे. ते म्हणाले, “मला सांगून नाही गेली?” मी म्हटलं, घाईत ठरलं. ते खिडकीत बसून राहिले. पुढची तीन वर्षं तुझा विषय निघाला की म्हणायचे, सुखात असेल. हाच समज घेऊन मी त्यांना जाऊ दिलं.

निकेतला मी अजून काही सांगितलेलं नाही. तुला आधी सांगितलं.

उर्मिला

९ जानेवारी २०२५

संजना,

तू तिथे होतीस, तरी लिहिते, कारण तिथे मला बोलता आलं नाही.

सूरजने पत्ता द्यायला बरीच कुरकुर केली. शेवटी म्हणाला, “काशीमीऱ्याला टाइल्सच्या शोरूममध्ये हाय ती. चार वर्षं झाली. मी सांगितलं असं बोलू नका.” मी समजत होते तू कोकणात गेलीस, नाहीतर बडोद्याला, कुणाच्या तरी भट्टीवर काम करत असशील. आणि तू अर्ध्या तासावर.

बसमधून उतरले, ट्रक जाईपर्यंत उभी राहिले, मग आत आले. काचेचं दार, आत एसी. कंपनीचा निळा टी-शर्ट घालून तू एका जोडप्याला टाइल्स दाखवत होतीस. हाताने केल्यासारख्या दिसणाऱ्या, कडा मुद्दाम वाकड्या छापलेल्या. “हँडमेड लुक है मॅडम, लेकिन मशीन का है, सब पीस सेम आएगा.” मग तू माझ्याकडे वळलीस. मला वाटलं तू ओरडशील. तू म्हणालीस, “हां मॅडम, बाथरूम के लिए की किचन के लिए?”

मी म्हटलं, बाथरूम.

“कितना स्क्वेअर फूट?”

मी सत्तर सांगितलं. आमचं बाथरूम पस्तीसही नसेल. तू कॅल्क्युलेटर घेतलास आणि मला तुझी नखं दिसली. वाढवलेली, रंगवलेली. चाकावर बसणाऱ्या बाईला नखं ठेवता येत नाहीत, मातीत ओरखडे उठतात. मी तुझ्या नखांकडे बघत राहिले आणि तुला कळलं मी काय बघतेय. तू हात खाली घेतलास.

मग मी यादी काढली. एकेचाळीस वाडग्यांचे फोटो, नंबर, आणि खाली मी नव्याने लिहिलेलं: हे सर्व वाडगे संजनाने केले, यापूर्वीचं माझं निवेदन खोटं आहे. तुझी एक सही हवी होती शेजारी. मी म्हटलं, निकेतला आज देते. तू शोरूमच्या काउंटरवर यादी ठेवलीस आणि एकेक फोटो बघितलास. सावकाश. पहिल्यांदाच मराठीत बोललीस. “हा पाचवा मला आवडायचा,” म्हणालीस. “याचं ग्लेझ मस्त आलेलं.” ते तू मला म्हणालीस की तुझ्याशीच, मला माहीत नाही. मी घरी येईपर्यंत तेवढंच धरून बसले होते.

सत्तावीसवर थांबलीस. काउंटरवरचं पेन घेतलंस आणि त्यावर फुली मारलीस.

“हा माझा नाय. सरांचा आहे.”

मी म्हटलं, कसं शक्य आहे?

तू सांगितलंस ते पुन्हा लिहिते, कारण मला ते माझ्या अक्षरात बघायचंय. त्या दिवशी मी घरी नव्हते, दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. सर म्हणाले, दार लाव, आणि चाकावर बसले. एकाच हाताने, उजव्याने, चाक मात्र जुन्याच अंगाने फिरवून, कारण अंगाला तेवढंच माहीत होतं. तू फक्त त्यांच्या पाठीला पाठ लावून बसलीस, ते कलंडू नयेत म्हणून. तुला त्यांनी वळून बघू दिलं नाही. सकाळची दुपार झाली. झाल्यावर म्हणाले, “उर्मिलाला सांगू नको, ती रडेल.” आणि तो मी फेकायच्या ढिगात टाकला.

“सही?” मी विचारलं.

तू म्हणालीस, “काकू, मी सही केली तर लोक येणार, विचारणार, आता काय करता. मी काय सांगू, टाइल विकते? तुम्हाला हलकं वाटायला पायजे म्हणून मी परत तिथे उभी राहू का?” आणि मग, “तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. मला नका बोलावू.” गिऱ्हाईक आलं. तू वळलीस.

तू माझा अपमान केला नाहीस. अपमान मला सोसता आला असता.

उर्मिला

२१ फेब्रुवारी २०२५

संजना,

हे शेवटचं. सूरजने सांगितलंय, “आता बास करा काकू, ती घरी आल्यावर बोलत नाय कुणाशी.” त्याचं बरोबर आहे.

निकेतला सगळं दिलं. त्याने ते माझ्यासमोर वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. चिडला नाही. म्हणाला, “मॅडम, मग त्यांचं नाव लावू आपण.” तो चांगला माणूस आहे. पण ट्रस्टच्या वकिलाने सांगितलं, ज्यांचं काम म्हणताय त्यांची सही नाही, शिक्का दुसऱ्याचा आहे, आणि तुम्ही स्वतः आधी उलट लिहून दिलंय. कोणतंच नाव लावता येणार नाही. चाळीस वाडगे परत. सत्तावीस नंबर मात्र, त्यातली रेघ सरांच्याच अंगाने आहे म्हणून, त्यांनी ठेवला. सरांचा शेवटचा वाडगा म्हणून काचेच्या पेटीत एकटा ठेवणार आहेत. निकेतने फोटो पाठवला. वाकडी कड समोर येईल असा ठेवलाय. बाकी काही म्हणायचं नाही मला त्याबद्दल.

म्हणजे खरं बोलून झालं ते असं. सरांना त्यांचं एक मिळालं, ते तुझ्यामुळे. तुला काहीच मिळालं नाही. मी सहा वर्षं आधी बोलले असते तर तुझी सही मिळाली असती, हे मला वकिलाने सांगायची गरज नव्हती.

पंधरवड्यापूर्वी पुण्याहून टेम्पोने खोके गाळ्यात परत आले. विकणार नाही मी, काळजी करू नकोस. तुझ्याकडे पाठवायचा विचार केला होता. सूरज म्हणाला, “घरात सहा माणसं झोपतो आम्ही काकू, चाळीस वाडगे कुठे ठेवू?” तेही खरंच.

मग मी बुडावरचा शिक्का काढायला घेतला. घासायचा दगड आणला, ओला करून एकेक वाडगा मांडीवर पालथा घेते आणि 'आत्मा' जाईपर्यंत घासते. भाजलेली माती आहे, सहजासहजी जात नाही. एकाला अख्खी सकाळ लागते. माझी बोटं सोलवटली आहेत. शेजारच्या गाळ्यातला माणूस डोकावून म्हणाला, “आंटी, ये क्या कर रहे हो, अच्छा माल है.” मी म्हटलं, माल मेरा नहीं है.

घासताना मी पहिल्यांदाच आत बघते. ग्लेझखाली तुझ्या बोटाची रेघ दिसते, मधून निघून कडेपर्यंत, कुठेही अडखळलेली नाही. तू इतकी चांगली होतीस हे मला तेव्हाही कळत असणार. नाहीतर मी ते पत्र लिहिलंच नसतं.

शिक्का गेल्यावर बुडाला पांढुरका गोल उरतो. तिथे मी काही लिहिणार नाही. तो हात तुझा हवा, आणि तू येणार नाहीस, हे मी मान्य केलंय. गाळ्याच्या दुसऱ्या किल्ल्या सूरजकडे ठेवल्यात, त्याला तेवढं जड होणार नाही.

अकरा झाले. बारावा काल घासताना हातात तडकला, बुडापासून थेट कडेपर्यंत. तो पाचव्या नंबरचा होता, तुला आवडायचा तो. मी जोर जास्त लावला. तुझे आता एकोणचाळीस उरलेत, आणि हाही माझ्याच हातून गेला.

हे तुला सूरजकडून कळण्याआधी मीच सांगावं, म्हणून लिहिलं.

उर्मिला